आजोबांना वाचून दाखवू नका

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

हे पत्र आजोबांच्या हाती पडू देऊ नका. का ते पुढे येईलच. मी ठणठणीत आहे. परवा फोनवर आवाज बसलेला होता तो सर्दीमुळे. आई, तू भलतंसलतं मनात आणू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलंत, आजोबांचा एक लायका, जर्मन कॅमेरा, विकायला इतके महिने कसे लागतात? मी टाळाटाळ करत नव्हतो. कुणाचं खरं मानायचं, यातच वेळ गेला. पहिला भेटला तो जुने कॅमेरे विकत घेणारा. म्हणाला, नंबर १९३२ च्या आधीचा आहे आणि अंतर जुळवायची खिडकी अंगातच असलेला लायका आला १९३२ साली, म्हणजे हा नकली. वर म्हणाला, तरी तुमच्यासाठी ठेवून घेतो! विकणारा माल चढवून सांगतो तसा घेणारा पाडूनच सांगणार. मी कॅमेरा उचलून बाहेर पडलो. पुढे वाचताना कळलं की लायका बनवणारी लाइट्झ कंपनी आधीचे कॅमेरे परत घेऊन त्यांत ती खिडकी बसवून द्यायची, नंबर मात्र जुनाच राहायचा. म्हणजे त्याचा पुरावा लंगडा! त्या रात्री आनंदाने तुम्हाला फोन केला होता. तो केला नसता तर बरं झालं असतं.

या जुन्या कॅमेऱ्यांच्या मंडळींची एक तऱ्हा सांगतो. कॅमेरा हातात दिला की नाव बघतच नाहीत. लेन्स फिरवून काढतात आणि रिकाम्या भोकात टॉर्च मारून डोळा लावून बसतात. मला वाटलं, बुरशी शोधतायत. तर आत वरच्या बाजूला एक छोटा दांडा असतो. लेन्स मागेपुढे झाली की तो हलतो आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. लायकात त्या दांड्याच्या टोकाला इवलंसं गोल चाक असतं. फेड आणि झॉर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत चाक नाही, नुसतं पाचरीसारखं टोक. फेड खारकोव्हला १९३४ पासून लायकावरूनच बेतलेला, झॉर्की १९४८ पासूनचा. पुढे कुणीकुणी त्यांच्यावरचं नाव घासून लायका कोरलं. नाव कोरता येतं, नंबरही कोरता येतो. आतल्या चाकाच्या वाटेला कोण जातंय?

हे दाखवणारे गृहस्थ निवृत्त दुरुस्तीवाले. ते काही विकत नाहीत, घेत नाहीत. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," म्हणाले आणि दोन्ही कॅमेऱ्यांची कारखान्याची जुनी माहितीपुस्तकं पुढ्यात ठेवून चहा करायला आत गेले. मी टॉर्च धरला. बाबा, आपल्यात चाक नाही.

त्याच फेडच्या पुस्तकात आहे, आधी फिल्म पुढे घ्या, मगच वेगाचा आकडा फिरवा. आजोबा माझ्या हातावर चापट मारून हेच सांगायचे ना? फंडाच्या पैशांतून घेतला होता त्यांनी. कुणी फसवलं ते आता विचारण्यात अर्थ नाही.

तर मनूच्या लग्नाचं. कॅमेऱ्याचे म्हणून आजोबांनी जे धरले होते ते मी दोन हप्त्यांत पाठवतो. पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात. माझं इथे व्यवस्थित भागतं, उगाच हिशेब करत बसू नका. आजोबांना सांगा, चांगल्या माणसाकडे गेला. रजा चारच दिवस मिळतेय, त्यामुळे लग्नाच्या आदल्या रात्री पोचेन. मनूला हे मीच सांगेन, तुम्ही नको. आई, तू पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, पण आधी मनूचं होऊ दे.

लग्नात फोटो काढायला तो कॅमेरा आणावा असं फार वाटतंय. आणता येणार नाही, विकला गेलाय ना. इथे टेबलावर आहे, फिल्म भरून ठेवलाय.

तुमचा,
बाळू