आई गाईचे कान बघते तेव्हा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मोबाइलला गाईचं दुखणं ओळखता येतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहून कळवते. मेंढ्यांचं बऱ्यापैकी ओळखता येतं. आपल्या गोठ्यातल्या जनावरांचं अजून नाही, आणि ती उणीव भरायला तुम्हा दोघांची मदत हवी आहे.

धार काढायला बसण्याआधी आई गाईचे कान आणि डोळे बघते. शास्त्रज्ञांनी नेमकं तेच मोजायला घेतलं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये मेंढ्यांच्या चेहऱ्यावरची एक मोजपट्टी मांडली. डोळे किती आकसलेत, गाल किती ताठलेत, कान कुठे वळलेत, ओठ आणि जबडा कसा दिसतो, नाकपुड्या कशा आहेत, या पाच गोष्टींना 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे. निरोगी मेंढीच्या नाकपुड्या समोरून उथळ वाटीसारख्या दिसतात, दुखत असेल तर खाली टोक आल्यासारख्या होतात. गाईंसाठी कोपनहेगनच्या संशोधकांनी 2015 मध्ये अशीच पट्टी केली. तिच्यात मान किती खाली आहे, पाठ कमानीसारखी झाली आहे का, माणूस जवळ गेल्यावर गाय काय करते, हेही धरलं आहे.

यंत्र हे असं शिकतं. 2017 मध्ये केंब्रिजच्याच संगणक विभागाने मेंढ्यांचे सुमारे 500 फोटो वापरले. प्रोग्राम आधी फोटोत चेहरा शोधतो, मग डोळ्यांचे कोपरे, कानांची मुळं, नाकपुड्यांच्या कडा अशा ठिकाणी खुणा लावतो. चेहरा सरळ करून एकेका भागातल्या रेषा कुठल्या दिशेला झुकल्या आहेत ते आकड्यांत मांडतो, आणि जाणकारांनी दिलेल्या गुणांशी ते आकडे जुळवत बसतो. सुमारे 80 टक्के वेळा त्याचं उत्तर बरोबर आलं. मेंढीने कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं तरच, एवढी अट होती.

80 टक्के ऐकायला चांगलं वाटतं. पण बाबा, हिशोब करून बघा. 100 मेंढ्यांच्या कळपात 5 जणींचे खूर सडलेत असं धरू. यंत्र त्यातल्या 4 पकडेल. उरलेल्या 95 निरोगी मेंढ्यांपैकी 19 जणींनाही ते ‘दुखतंय’ म्हणेल. म्हणजे 23 इशाऱ्यांत खरे फक्त 4. म्हणून मोबाइलने इशारा दिला तर जनावर पुन्हा नीट तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ घ्या. तेवढ्यावर इंजेक्शन द्यायचं नाही.

आपल्याकडे घोळ वेगळाच होतो. यंत्र बाहेरच्या जातींवर शिकलेलं असलं की गीर गाय त्याला दुखणाईत वाटू शकते, कारण तिचे कान जन्मतःच लांब आणि लोंबते. उस्मानाबादी शेळीचा चेहरा काळा, त्यात गोठ्यात उजेड कमी, मग डोळ्याची कड आणि नाकपुडी सापडतच नाही. बैलाची वेसण ताणलेली असेल तर नाकपुड्या आपोआप ओढल्या जातात. एप्रिलच्या उन्हात धापा टाकणाऱ्या संकरित गाईचा चेहराही दुखण्यासारखाच दिसतो. सगळ्यात फसवी चूक मात्र माणसाची असते. आजारी जनावरांचे सगळे फोटो दवाखान्यातल्या खोड्यात काढलेले आणि निरोग्यांचे घरच्या दावणीला, असं झालं की यंत्र चेहऱ्याऐवजी खोड्याचे लोखंडी पाइप ओळखायला शिकतं. आकडे सुंदर येतात आणि नव्या गोठ्यात गेलं की सगळं कोसळतं. एकाच गाईचे फोटो शिकवायलाही आणि परीक्षेलाही वापरले तर असंच होतं. ते अंगावरचे ठिपके पाठ करतं.

म्हणून आपल्या जनावरांचे, आपल्याच गोठ्यातले फोटो हवेत. सकाळी वैरण टाकण्याआधी काढा. चघळताना आणि रवंथ करताना गाल नि जबडा हलतो, तेव्हाचा फोटो कामाचा नाही. आधी पाच मिनिटं नुसतं शांत उभं राहा. अनोळखी हालचाल दिसली की जनावर दुखणं लपवतं, सावध होऊन कान टवकारतं. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवरून, फ्लॅश बंद, म्होरकी सैल. पाच फोटो समोरून, पाच बाजूने. बाबा, तुम्ही गुडघ्यावर बसू नका, पाटावर बसून काढा.

पायाचं दुखणं असेल तर चेहऱ्यापेक्षा चाल जास्त बोलते. कोरड्या, सपाट जागेवर गाईला आठ-दहा पावलं चालवा आणि बाजूने, फोन न हलवता व्हिडिओ घ्या. पाठ सरळ राहते की चालताना कमान होते ते दिसलं पाहिजे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं.

वहीत जनावराचं नाव, तारीख, वेळ, ताप, गव्हाणीत किती वैरण उरली, दूध किती कमी झालं आणि औषध दिलं असेल तर कोणतं, कधी, हे लिहा. दगडी (कासेची सूज) झाली असेल तर कोणत्या सडाला, तेही. दुखण्याचे 0, 1, 2 असे गुण मात्र तुम्ही दोघांनी वेगवेगळे द्या, एकमेकांना न विचारता. जुळले नाहीत तर दोन्ही राहू द्या, कोणाचेही खोडू नका. दोन जाणत्या नजरांत फरक कुठे पडतो हेही यंत्राला कळायला हवं. निरोगी दिवसांचे फोटो तितकेच घ्या. प्रत्येक गाईचा नेहमीचा चेहरा माहीत नसेल तर बदललेला ओळखायचा कसा?

दुखणं दिसलं की वाट बघू नका, डॉक्टरांना बोलवा. वेदनाशामक लिहून देतील ते द्या, आणि त्याच्या आधीचे व काही तासांनंतरचे फोटो जरूर ठेवा. औषधाने चेहरा सैल झाला, तर आधी दिसत होतं ते दुखणंच होतं याचा तो सगळ्यात चांगला पुरावा. मात्र डायक्लोफेनॅक कोणी सुचवलं तर घेऊ नका. ते दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मेली, म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, आणि 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. ते दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आई, तू इतकी वर्षं जे नुसतं बघून ओळखतेस ते शब्दांत उतरवून दे. एकेक ओळ लिहिलीस तरी पुरे. कान असा झाला, डोळा तसा झाला, तुझ्याच भाषेत.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून नको. साध्या फोटोचा आकार व्हॉट्सॲप कमी करतं आणि नाकपुडीवरच्या सुरकुत्या पुसल्या जातात.

तुमची,
मनू