पाळकांना शिकवा, मंडळीलाही शिकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचे पत्र आले होते. प्रभूचे शिष्य मासे धरणारे होते, ते कुठल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजात, गेले होते? शिकवायला पवित्र आत्मा आहे, मग बायबल कॉलेजात चार-चार वर्षे घालवायची कशाला? असा त्यांचा सवाल. आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, हे मत उघडपणे बोलले जाते, आणि त्याचे परिणाम मी संडे स्कूलमध्ये मुलांच्या तोंडून ऐकते. म्हणून हे उत्तर.

पेत्र आणि योहान हे येशूचे शिष्य शिकलेले नव्हते हे खरेच. पण ते गुरूच्या सोबत राहिले, जेवले, चालले. येशूने सांगितलेला दाखला (बोधकथा) कळला नाही तर घरात शिरल्यावर त्याचा अर्थ विचारत. इतके कसून शिक्षण आजच्या कुठल्या कॉलेजात मिळते? प्रेषित पौल तर गमलिएल या यहुदी शास्त्र्याच्या पायाशी बसून शिकला होता. आणि तुरुंगात, शेवट जवळ आलेला दिसत असताना, तो आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की येताना माझा झगा आण आणि पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. पवित्र आत्मा मिळालेला माणूस मरणाच्या दारात पुस्तके मागतो आहे.

एक उदाहरण घ्या. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन आज कॅलेंडरवर, रिक्षाच्या मागे, प्रत्येकाच्या स्टेटसवर असते. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव म्हणतो. उपदेशात ते असे सांगितले जाते की या वर्षी नोकरी लागेल, घर होईल, कर्ज फिटेल. आता त्याच्या आधीचे एकच वचन वाचा. सत्तर वर्षे झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन! हे वचन एका पत्रातले आहे, आणि ते पत्र यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला), तिथे कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना गेले होते. त्यात यिर्मया सांगतो की तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. याच्या अगदी मागच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू तो सगळ्यांसमोर मोडतो आणि म्हणतो, दोन वर्षांत सगळे ठीक होईल. लोकांना अर्थातच ते आवडणारे होते. यिर्मयाने त्याला खोटा ठरवले. आणि आज आमच्या व्यासपीठांवर यिर्मयाचे वचन घेऊन हनन्याचा संदेश दिला जातो. दोन अध्याय सलग वाचायची सवय लावणे, कोणी कोणाला कधी लिहिले हे विचारणे, हेच तर सेमिनरीत शिकवतात.

हा नुसता अभ्यासाचा मुद्दा नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आजारात गेले. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने घरी येऊन सांगितले की विश्वास कमी पडला. तो पोरगा कित्येक महिने हेच मनात धरून होता की आपण नीट प्रार्थना केली नाही. त्या उपदेशकाला कोणी योहानाचा नववा अध्याय नीट शिकवला असता तर? आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले, हेही पवित्र शास्त्रातच आहे. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचे का? अर्धवट शिकवण माणसाला जखम करते, आणि ती जखम पाळकाला पुढे वर्षानुवर्षे बांधत बसावी लागते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने तर शिक्षणाला नावे ठेवूच नयेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांचा संसार सांभाळताना हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, ते कशासाठी? साध्या बाईला कळेल असे मराठी बायबल मूळ भाषांतून देता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. रमाबाईंची प्रार्थना थोडी होती असे म्हणायची कोणाची छाती आहे? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आमच्याच नगरला सेमिनरीत शिकवले. त्यांची गीते आपण आजही उपासनेत म्हणतो. त्यातली भक्ती आणि त्यामागचा अभ्यास वेगळा काढून दाखवा पाहू.

सेमिनरीतून येणारा प्रत्येक जण चांगला पाळक होतो असे मी म्हणत नाही. काही जण नोट्स वाचून दाखवतात आणि समोरची आजी पेंगते. पण तो दोष शिकण्याचा नाही, मंडळीपासून तुटून शिकण्याचा आहे. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पदवीचे शिक्षण बहुतेक इंग्रजीतून. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली, १९८३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे इतकी वर्षे ती आपल्याच दारात आहे. तरी खेड्यातल्या मंडळीतला मराठी माध्यमाचा हुशार मुलगा तिकडे जायला बिचकतो. मुलींचा तर घरात विचारही होत नाही. वास्तविक बायबलमधल्या अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, आणि ती व तिचा नवरा पोटासाठी तंबू शिवत होते. तेव्हा शिक्षण फक्त पाळकांचे असा समज कुठून आला, कळत नाही.

दोन गोष्टी आपण लगेच करू शकतो. प्रत्येक पास्टरेटने (एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीने) एक उमेदवार, मुलगा किंवा मुलगी, निवडून त्याची फी आणि राहण्याचा खर्च पूर्ण उचलावा. सुगीच्या सणाच्या लिलावातला ठरावीक वाटा त्यासाठी बाजूला ठेवता येईल. आणि सभासदांसाठी मराठीतून वर्ग सुरू व्हावा, आठवड्यातून एक संध्याकाळ, एका वेळी बायबलमधले एकच पुस्तक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शिकवायला सेमिनरीत शिकलेले पाळक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. पुढच्या वार्षिक सभेत आमच्या मंडळीपुढे मी हा ठराव मांडणार आहे. इतर मंडळ्यांनीही मांडावा, आणि गेल्या आठवड्याच्या पत्रलेखकांनी आमच्या वर्गाला जरूर यावे. सुरुवात यिर्मयापासून करू.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका,
अहिल्यानगर