मॉरिशसला जाताय तर रोचेस्टर धबधबा बघा

मा. संपादक,
स. न.

पेपरात मॉरिशसवर काही आलं की बीच, क्रूझ आणि शामारेलची सात रंगांची माती एवढंच असतं, टूरवालेही तेवढंच फिरवून परत आणतात. शामारेलचा धबधबा भव्य आहे, वादच नाही, पण बहुतेक लोक तो लांबून व्ह्यू पॉइंटवरून बघतात आणि फोटो काढून निघतात. त्याच बेटाच्या दक्षिणेला सुयाक गावाजवळ रोचेस्टर नावाचा धबधबा आहे, उंची जेमतेम १० मीटर, म्हणून आपल्याकडच्या पॅकेजमध्ये सहसा नसतो. पण मराठी माणसाने तरी तो चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी तिथला दगड बघा. सावान नदी ज्या कड्यावरून पडते तो कडा म्हणजे काळ्या बेसॉल्टचे उभे खांब आहेत, एकाला एक लागून, मुद्दाम रचल्यासारखे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या चिरा जातात आणि असे खांब तयार होतात. आमच्या अंधेरीची गिल्बर्ट हिल अशीच बनलीय. आणि खरी गंमत पुढेच आहे, बऱ्याच भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटमधून, म्हणजे जमिनीखाली खोलवर एकाच जागी टिकून राहिलेल्या उष्णतेच्या झऱ्यातून, दख्खनचा लाव्हा बाहेर आला त्याच हॉटस्पॉटने खूप नंतर मॉरिशस घडवलं, कारण जमिनीखालची उष्णता तिथेच राहिली आणि वरचा भारत सरकत सरकत उत्तरेला गेला. आज तो हॉटस्पॉट शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून उसळतो. म्हणजे सह्याद्री आणि हा कडा एकाच चुलीवरचे! हे कळल्यावर मी पाण्यापेक्षा दगडाकडेच जास्त वेळ बघत बसलो.

दुसरं म्हणजे वाट. धबधब्यापर्यंत उसाच्या मळ्यांतून कच्चा रस्ता जातो. मॉरिशसच्या उसात जागोजागी काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात, जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. १८३४ नंतर करारावर गेलेल्या त्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातली, मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती, त्यांच्या वंशजांनी मराठी आणि गणपती आजही टिकवलाय, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मग त्या वाटेने एसी गाडीच्या काचा लावून कसं जायचं, थोडं तरी चाला ना.

जाणाऱ्यांसाठी थोडं. डिसेंबर ते एप्रिल पाणी भरपूर पण तेव्हाच वादळं येतात, जोराचा पाऊस झाला असेल तर पाण्यात उतरू नका. तिथली पोरं वरून उड्या मारतात, त्यांना ती जागा लहानपणापासून माहितीय, आपण अजिबात नक्कल करायची नाही, खडक भयंकर निसरडे असतात. आणि प्लास्टिक सगळं परत आणा प्लीज.

टूर कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की दक्षिणेला अर्धा दिवस द्या. ग्री ग्रीचा खवळलेला समुद्रकिनारा सुयाकला लागूनच आहे, दोन्ही आरामात होतात. आणि संपादक साहेब, पर्यटनाच्या पानावर एकदा या जागेला नकाशासकट जागा द्या.

एक वाचक, अंधेरी