बिल २०१९ चं, बाटल्या २०२० च्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नापा व्हॅलीच्या रेड वाइनची पेटी वेगळ्याच विंटेजची (द्राक्षतोडणीच्या सालाची) दिल्याबाबत

महोदय,

नापातल्या हॉवेल माउंटन या डोंगराळ भागातल्या कॅबर्ने सोव्हिन्याँची (या काळ्या द्राक्षाच्या रेड वाइनची) सहा बाटल्यांची पेटी मी आपल्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ भरून मागवली. आपल्या यादीत साल २०१९ होतं, बिलावरही तेच आहे. बाटल्यांवर मात्र एमआरपीचं स्टिकर नेमकं सालावर चिकटवलेलं. नखाने कोपरा उचलला तर खाली २०२०. सहाही बाटल्यांची हीच गत.

आपला प्रतिनिधी फोनवर म्हणतो, "सर, वाइनरी तीच, द्राक्षं तीच, एका वर्षाने काय फरक पडतो?" फरक पडतो म्हणूनच अमेरिकेत नापासारख्या प्रदेशाच्या नावासोबत साल छापायचं तर किमान ९५ टक्के वाइन त्याच वर्षीच्या द्राक्षांची लागते. आणि या दोन वर्षांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. या किमतीचा माल विकणाऱ्याला तो ठाऊक नसावा?

२०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून त्या भागात वणवे लागले. २७ सप्टेंबरला डीअर पार्क गावाजवळ 'ग्लास फायर' नावाचा वणवा पेटला, म्हणजे हॉवेल माउंटनच्या अगदी पायथ्याशी. कॅबर्ने उशिरा पिकतं, त्यामुळे बराच माल तेव्हा वेलीवरच होता. आम्ही नाशिकचे. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की बागायतदाराचं काय होतं ते घरात पाहिलंय. पण पावसाने तडकलेला मणी निदान दिसतो. धुरातली द्रव्यं सालीतून आत शिरून साखरेशी बांधली जातात, धुऊन निघत नाहीत. रेड वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे ती वाइनमध्ये उतरतात आणि राखेची चव कधी कधी बाटली भरल्यावर वर येते. म्हणून नापातल्या कित्येक वाइनरींनी त्या वर्षीची कॅबर्ने बाजारात आणलीच नाही. ज्यांनी आणली त्यांची सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. धुराआधी तोडणी उरकलेल्याही बागा होत्या. पण ती जोखीम घ्यायची की नाही हे मी ठरवणार, तुमचं स्टिकर नव्हे.

शिवाय माझी मुलगी २०१९ ची. तिच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकेल अशी वाइन हवी, म्हणून डोंगरावरची, दणकट टॅनिनची (वाइन टिकवणाऱ्या तुरट द्रव्यांची) निवडली होती. तेव्हा "पुढच्या खरेदीत सूट देऊ" हा तोडगा मला नको.

एका बाटलीचं बूच तोंडाच्या वर आलंय, कॅप्सूलखालून (बुचावरच्या वेष्टनाखालून) चिकट ओघळही दिसतो. माल कुठेतरी उन्हात तापला की बहुधा असं होतं. गोदामातल्या तापमानाची नोंद असेल तर दाखवा.

पेटी आपल्या खर्चाने परत न्यावी आणि २०१९ ची द्यावी, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. यादीतलं सालही दुरुस्त करावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बिल, लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत.

बाटल्या न उघडता आडव्या ठेवल्या आहेत. न्यायला माणूस सकाळी लवकर पाठवा, भर दुपारी उघड्या टेम्पोत मी त्या देणार नाही.

आपला,
एक ग्राहक