कोटेशन द्यायच्या आधी

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार. १२० पुस्तकं ऑनलाइन विकायला वेबसाइट करून मागणाऱ्या त्या प्रकाशकाला तू फोनवर आकडा सांगितला नाहीस, हे उत्तम केलंस. पहिल्यांदा तोंडातून गेलेली रक्कमच समोरच्याच्या डोक्यात बसते, मग कोटेशनमध्ये काहीही लिही.

आधी तासाचा दर काढ. घरखर्च, इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीएची फी धरून महिना ६०,००० म्हण; वर्षाचे ७,२०,०००. वर्षात ४८ आठवडे काम केलंस तरी बिल लावता येतील असे तास आठवड्याला २०च निघतात. बाकीचे नवी कामं शोधण्यात आणि थकलेली बिलं मागण्यात जातात. म्हणजे ९६० तास, तासाला ७५०. कर आणि रिकामे महिने यांसाठी वर २० टक्के टाक: ९००.

तास मोजताना साइटची पानं नको, पानांचे साचे मोज. १२० पुस्तकांची १२० पानं झाली तरी डिझाइन एकाच पानाचं. होमपेज, यादी, पुस्तक, साधा मजकूर असे चार साचे: २२ तास. ती साइट प्रत्यक्ष बांधायला किती तास, याचे तीन आकडे घे: सगळं सुरळीत गेलं तर १६, बहुधा २४, विचका झाला तर ५६. मधल्याची चौपट, त्यात उरलेले दोन मिळव, ६ने भाग: २८. बोलणी-आराखडा, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) नि टपालखर्चाचा हिशोब, तपासणी, प्रत्येकी १०.

खरी मेख मजकुरात आहे. मुखपृष्ठ, आयएसबीएन, किंमत, परिचय अशा एका नोंदीला १० मिनिटं, म्हणजे १२० पुस्तकांना २० तास. शिवाय जुन्या फाइली श्रीलिपी या छपाईच्या फाँटमधल्या असण्याची दाट शक्यता. तो फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा वाचला जाणारा, नसेल तर मजकूर वेबसाइटवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात. त्याला ८ तास धर, तेही मुद्रितशोधन प्रकाशकाचा माणूस करणार असेल तर. कोटेशनआधी एक फाइल मागवून कन्व्हर्ट करून बघच.

बेरीज १०८. त्यावर २० टक्के अडीअडचणीचे, साधारण १३० तास, १,१७,००० रुपये. ‘एवढे?’ म्हणतीलच. दर पाडू नकोस, काम कमी कर. आत्ता तू ४० पुस्तकं भर, उरलेली ८० त्यांच्या माणसाने भरावीत. तुझे १३ तास सुटतात. भरायची कशी ते तासाभरात शिकवून टाक.

डिझाइनमध्ये बदलाच्या दोनच फेऱ्या, पुढे तासावर. हे लेखी हवं. मजकूर द्यायची तारीखही लिही, कारण कामं रखडतात ती बहुतेक मजकुरापायीच. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) त्यांच्याच नावावर नि त्यांच्याच कार्डवर घे. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर नूतनीकरणाला चढतो, तेव्हा बोलणी तुला बसतात. जुनं डोमेन असेल तर त्याचं लॉगिन कोणाकडे आहे ते आत्ताच विचार.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि तू नोंदणी केलेली नाहीस, तेव्हा बिलात जीएसटी लावू नकोस. त्यांनी तुझ्या बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच प्राप्तिकर, कापला तर विवरणपत्रात वळता करून घे. ४० टक्के आगाऊ, ३० डिझाइन पसंत पडल्यावर, ३० साइट सुरू करण्याआधी. नंतर नव्हे.

तुझा,
विनायक

ता. क. गेटवेवाले पॅन नि बँक खात्याबरोबर साइटवर अटी, गोपनीयता आणि परतावा ही पानंही बघतात. परत आलेल्या पुस्तकाचे पैसे किती दिवसांत द्यायचे, हे प्रकाशकालाच ठरवायला लाव.