पालीच्या वाटणीचा आंबा

दादर, मुंबई
10 मे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मी दचकलोच. आपल्या वयात त्या वेळचा फोन म्हणजे काहीतरी वाईट असणार, हे गृहीतच धरलेलं असतं. आणि तू विचारतोस काय, तर "देवगडची पेटी फोडलीय, ओवीच्या पालीला एक फोड देऊ का?" मी म्हणालो, "दे, पण..." आणि त्या 'पण'च्या आतच तू फोन ठेवलास. तो 'पण' बराच लांबलचक आहे, आणि फोनवर तू कधी कुणाचं पूर्ण ऐकून घेतलंयस? म्हणून लिहूनच काढतो.

आधी तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. त्रिकोणी डोकं, डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी काट्यांची झालर, काचेला चिकटलेली बोटं. क्रेस्टेड गेकोच आहे, फळंही खाणारी पाळीव पाल, म्हणून 'दे' म्हणालो. पिवळ्या अंगावर काळे ठिपके आणि मुळ्यासारखी जाड शेपटी असती, तर तो लेपर्ड गेको. त्याला आंबाच काय, कुठलंच फळ द्यायचं नाही. तो निव्वळ किडे खाणारा. फळ पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही. दुकानात दोन्ही 'गेको' म्हणूनच विकतात आणि विकणारा दोन्हीच्या बाबतीत एकच सल्ला देतो. तो सल्ला ऐकून मी काय करून बसलो, ते तुला आजवर नीट सांगितलेलं नाही.

आमची क्रेस्टेड पाल, जिलबी, तुला आठवते ना? शेपटीचा छान वेटोळा करून बसायची म्हणून ते नाव. महिन्याभरातच कपाटाचं दार जोरात लागलं, ती घाबरली आणि शेपटी टाकून मोकळी झाली. भिंतीवरच्या पालीला नवी शेपटी येते, क्रेस्टेडला येत नाही. तेव्हापासून जिलबी आहे, पण वेटोळा नाही. असो. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, काही टेन्शन नाही, रोज केळं कुस्करून द्या." घरात वसईची वेलची केळी असायचीच. मी रोज रात्री ऑफिसातून आलो की चमच्याच्या मागच्या बाजूने केळं घोटायचो, आणि ती अशी लपालपा चाटायची की मला वाटायचं, यापेक्षा सुखी पाल दादरात नसेल. आई म्हणायची, "माझ्या नातवंडांना कधी असं भरवलं नाहीस."

चार महिन्यांनी एका रात्री ती काचेवरून घसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग फांदीवर बसली की पुढचा पाय थरथरताना दिसायला लागला. तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली (हो, हसून घे). खालचा जबडा बघितला तर किंचित वाकडा, बोट लावलं तर रबरासारखा मऊ. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पडद्यावर हाडं दिसायला हवी होती तिथे नुसतं धुकं होतं. हाडांतलं कॅल्शियम ओढलं गेलं होतं. डॉक्टरांनी "काय खायला घालता?" असं विचारलं, आणि 'केळं' हा शब्द उच्चारताना मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

त्यांनी कागदाच्या पाठीवर हिशोब मांडून दाखवला, तो अजून माझ्या पाकिटात आहे. या प्राण्यांच्या खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीड-दोन पट असावं लागतं. फॉस्फरस वरचढ झाला की शरीर ती तूट हाडांतून भरून काढतं. आता केळं बघ: शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम 5 मिलिग्रॅम, फॉस्फरस 22. म्हणजे रोज रात्री मी प्रेमाने तिची हाडं उकरत होतो. कॅल्शियमचं औषध, योग्य खाणं आणि बरेच महिने यानंतर जिलबी पुन्हा काचेवर चढायला लागली. जबडा मात्र वाकडाच राहिला. झोपली की तोंड अर्धवट उघडं राहतं.

म्हणून तुझ्या हापूसकडे मी त्या कागदावरूनच बघतो. आंबा: कॅल्शियम 11 ला फॉस्फरस 14. केळ्याइतका वाईट नाही, पण तोलात नाहीच. पपई 20 ला 10, म्हणजे बरोब्बर दुप्पट! आपण जिला दवाखान्यातलं फळ म्हणून नाकं मुरडतो ती पपई पालीच्या दृष्टीने फळांची राणी आहे. अंजीर त्याहून सरस, 35 ला 14. पुरंदरचे ताजे अंजीर गाड्यांवर दिसले की मी चार घेतो, त्यातला एक जिलबीचा. सुके अंजीर नको, त्यात साखर एकवटलेली असते. चिकूही चांगला निघाला, 21 ला 12. घोलवडचा पूर्ण पिकलेला, बी आणि साल काढून. कच्चट चिकूचा चीक तुझ्यामाझ्याच तोंडाला चिकटतो, तिची काय कथा.

संत्रं, मोसंबी, लिंबू, अननस यांच्या वाटेला जायचंच नाही, आम्लाने पोट बिघडतं. करमळातल्या (स्टारफ्रूट) ऑक्झॅलिक आम्लामुळे असलेलं कॅल्शियमही बांधलं जातं, तेव्हा तेही नको. अॅव्होकाडो हल्ली तुमच्या मुलुंडच्या मॉलमध्ये ढिगाने मिळतं आणि वहिनी सॅलडमध्ये घालतात हे मला ठाऊक आहे. त्यातलं पर्सिन बऱ्याच प्राण्यांना विषारी ठरतं, त्याचा चमचासुद्धा पालीच्या वाटीला लागू देऊ नकोस. द्राक्षं मी देत नाही. फवारणीची भीती, आणि साल सोलत बसायला मला वेळ नाही. फणसाचं धाडस अजून केलेलं नाही.

आणि हे सगळं गोडाधोडाच्या सदरात, मंदार. जेवण म्हणून नाही. क्रेस्टेडसाठी जी तयार पूड मिळते, पाण्यात कालवून सॉससारखी दाट करायची, ती हिची पोळीभाजी. त्यात कॅल्शियम, डी-3 जीवनसत्त्व सगळं मोजून घातलेलं असतं. फळ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज दिलंस तर काय होईल सांगतो. ओवी लहानपणी वेफर्सचं पाकीट बघितलं की वरणभात ढकलून द्यायची, आठवतं? पाल अगदी तेच करते. गोड चाखलं की पूड हुंगून तोंड फिरवते, आपण कळवळून पुन्हा फळ देतो, आणि चक्र सुरू. शिवाय अधूनमधून कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेले रातकिडे द्यायचे, झुरळाएवढे नव्हेत, छोटे. तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नसावा, एवढं माप लक्षात ठेव. वहिनींना रातकिड्यांचा डबा कसा पटवायचा ते तुझं तू बघ, मी अजून घरच्यांना पटवतोच आहे.

या पालींचं मूळ घर न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचं फ्रेंच बेट. 1866 साली शास्त्रात नोंद झाली, मग इतकी वर्षं दिसली नाही की नामशेष झाली असंच धरून चालले होते. 1994 ला पुन्हा सापडली. तिथे ती अतिपिकलेली मऊ फळं, फुलातला मध आणि किडे असं मिळेल ते खाते. म्हणून फळ तिला परकं नाही. परकं आहे ते आपलं बाजारातलं फळ आणि आपला मे महिना.

बाजाराचं आधी. पेटी तुझ्या ओळखीच्या बागायतदाराकडची आहे, तेव्हा गवतातच पिकलेली असेल. पण ती संपली की तू स्टेशनबाहेरून घेणार. कार्बाइडने आंबा पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. तरी बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि आत बाठ्यापाशी आंबट-पांढरा आंबा तूही खाल्लायस. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. आपण साठ-सत्तर किलोची माणसं. जिलबी भरल्या पोटी 41 ग्रॅम भरते. तिच्यासाठी फळ घ्यायचं तर देठापाशी वास घेऊन, ओळखीच्याकडूनच.

आता कृती. आंबा तासभर पाण्यात ठेव, आपण खायच्या आधी ठेवतो तसाच. देठाकडचा भाग चांगला दोन बोटं कापून टाक, तिथेच चीक असतो. लहानपणी आमच्या गावी चिकाने तुझे ओठ उठले होते आणि माझ्या आजीने खोबरेल फासलं होतं, तेच ते. मग साल काढून मधला गर बोटाने नाही, काट्याने चेच. धागा राहू देऊ नकोस. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात अर्धा चमचा, त्यावर चिमूटभर कॅल्शियमची पूड, आणि झाकण खाली नाही तर वरच्या फांदीजवळ अडकव. ती झाडावर राहणारी, जमिनीवर उतरून जेवायला तिला कमीपणा वाटतो. दिवे मालवताना ठेवायचं, ती रात्रीचीच जागी असते. सकाळी दूध तापवायच्या आधी काढायचं, खाल्लेलं असो वा नसो. आपल्या हवेत दुपारपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो, चिलटं घोंगावतात, आणि मुंग्यांची रांग पंख्याच्या बटणापासून थेट पालीच्या काचेच्या टाकीपर्यंत लागते. आमच्याकडे लागली होती. मुंग्या झोपलेल्या पालीला चावतात, ही गोष्ट मला रात्री दोनला कळली.

पेटी संपायच्या आत गर घोटून बर्फाच्या ट्रेमध्ये छोटे छोटे तुकडे करून ठेवलेस तरी चालेल. पावसाळाभर पुरतात. द्यायच्या आधी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला येऊ दे. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पाल' असं लिही. मी लिहिलं नव्हतं, आणि आमच्या मेव्हण्यांनी त्याचा मिल्कशेक केला. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मेचं काय, ते नीट ऐक, कारण तू म्हणालास की "दोन दिवस पूड खात नाही म्हणून आंब्याने तोंडाला चव आणू या." अरे, चव गेलेली नाही, तिला उकडतंय. या जातीला 22 ते 26 अंश मानवतं. अठ्ठावीसच्या वर गेलं की ती खाणं सोडते, तोंड उघडून बसते, आणि तसंच चालू राहिलं तर मरते. तुमच्या मुलुंडला तर दुपारी डोंगराची धग वेगळीच. तेव्हा आधी टाकीत तापमापक लाव, मग आंब्याचं बघू. आमच्याकडे मे महिन्यात एसी जिलबीच्या खोलीत चालतो आणि आम्ही सगळे उश्या घेऊन तिथेच झोपायला जातो. बिल आलं की आई म्हणते, "पूर्वी पाल अंगावर पडली तर पंचांगात फळ बघायचो, आता पालीला फळ द्यायला पंचांग बघायचं."

ओवीला एक गोष्ट पक्की सांग: पालीला हात लावला, वाटी धुतली, काहीही केलं की साबणाने हात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, पाल धडधाकट दिसत असली तरी. तिचा काटा, तिची वाटी वेगळी. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ती धुवायची नाही. आणि तुझा धाकटा अजून तीन वर्षांचा आहे, त्याला तूर्त लांबूनच दाखव.

फळ दिल्यावर दोन दिवस शी पातळ झाली तर घाबरू नकोस, फळ थांबव. त्यानंतरही तशीच राहिली, किंवा पाय थरथरला, किंवा डोकं खाली करून बसल्यावर शेपटी पाठीवरून एका बाजूला लोंबकळली, तर मला फोन करत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. कुत्र्यामांजरांचे नकोत, असे प्राणी बघणारे. नंबर मेसेज करतो.

शनिवारी दुपारची स्लो पकडून मी तुझ्याकडे येतोच आहे. येताना आईचा सोनं तोलायचा जुना काटा आणतो, ओवीच्या पालीचं वजन करून वहीत लिहून ठेवू, म्हणजे पुढे कमी-जास्त कळेल. पपई मी आणतो. हापूस तू ठेव, दोन तरी. अर्धा चमचा तिचा, बाकी आपला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्री

ता. क. – आमरस वेगळा आणि आंबा वेगळा. दूध, साखर, तूप, वेलची घातलेलं काहीही त्या टाकीत जाणार नाही. काकूंना माझं नाव सांगून अडव, कारण त्या वाटी घेऊन उभ्या असतील हे मला इथे बसून दिसतंय.