घोडे की स्टोनहेंज?

महोदय,

‘अ गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यावरील लेखात त्यांच्या दूरचित्रवाणीतील वर्षांची दोन ओळींत बोळवण झाली, याची रुखरुख वाटते. १९८३ची ‘द आर्मागेडन रॅग’ ही कादंबरी खपली नाही, म्हणून ते ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नव्या पर्वात पटकथा लिहू लागले. पुढे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या मालिकेत (१९८७-९०) निर्मात्यांच्या फळीत पोचले.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. त्यांचे पहिले खर्डे मात्र लांब आणि खर्चिक असत. एकदा त्यांनी स्टोनहेंज या इंग्लंडमधील प्राचीन शिळावर्तुळात घोड्यांवरून झुंज लिहिली. सेटवरचे नकली दगड टापांनी हादरणार, तेव्हा दोन्हींपैकी एकच मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. घोडे गेले, झुंज पायी झाली. असली कात्री त्यांना सतत जाचे. १९९१मध्ये त्यांनी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही जी अवाढव्य कादंबरी सुरू केली, तिचे मूळ मला याच घुसमटीत दिसते. तिथली एक सवय मात्र त्यांनी सोडली नाही: जाहिरातीपूर्वी प्रेक्षकाला जसे अधांतरी ठेवतात, तशीच त्यांची प्रकरणे ऐन वळणावर तुटतात.

– एक वाचक